किल्ली दिली, पण परत घेतली का?

स्वतःचा व्हीपीएन, त्याची कंटेनरमधली वही आणि तिची राखण



मथळा वाचून कोणी म्हणेल, "हे आणखी काय नवीन काढलं? आमचा ऊस वेळेवर तुटू द्या, बाकीचं राहू द्या." म्हणणे रास्त आहे. पण थोडा विचार करावा. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर आता मोबाइलवरून चालू-बंद होतो. गोठ्यात, गोदामात, रानातल्या शेडवर कॅमेरे आले. ठिबकचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी यंत्रे आली. दूध संस्थेचा आणि विकास सोसायटीचा हिशेब संगणकावर गेला. मुलगा पुण्यात नाहीतर आखातात नोकरीला असतो आणि तिथे बसून रानातला कॅमेरा पाहतो. म्हणजे आपल्या रानाला डोळ्यांना न दिसणारा आणखी एक बांध झाला आहे. त्या बांधावरून कोण येते, कोण जाते, याची चौकशी मालकाने करायला नको काय?

उघडा पाट आणि पुरलेला पाइप

कॅमेरा बाहेरगावाहून दिसावा म्हणून बसविणारा कारागीर पुष्कळदा राउटरमध्ये एक दार उघडून देतो. त्याला 'पोर्ट' म्हणतात. कारागीर पैसे घेऊन जातो, दार उघडेच राहते, आणि पासवर्डही कंपनीने घालून दिलेला तोच. हे उघड्या पाटाने पाणी नेण्यासारखे झाले. वाटेत कोणी पाट फोडला तरी आपल्याला कळते ते रान कोरडे राहिल्यावर.

२०१६ साली 'मिराई' नावाच्या घातकी प्रोग्रामने जगभरातले असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर हेरले. मूळ पासवर्ड बदललेले नसल्याने ते सहज त्याच्या ताब्यात गेले. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशा यंत्रांकरवी अमेरिकेतील 'डिन' या कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा कित्येकांना काही तास मिळेनाशा झाल्या. आपल्या घरचा कॅमेरा त्या कामाला जुंपला गेला आहे, याची मालकांना गंधवार्ता नव्हती.

यावर उपाय पाइप पुरण्याचा. नदीवरून आणलेली पाइपलाइन दहा जणांच्या रानाखालून येते, वरून नांगर चालतो, पण आतले पाणी कोणाला दिसत नाही आणि ते पडते आपल्याच रानात. इंटरनेटमधून पुरलेल्या अशा खासगी पाइपलाइनला व्हीपीएन म्हणतात. पैसे घेऊन व्हीपीएन देणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांच्या जाहिरातीही आपण पाहतो. पण त्यांचा पाइप त्यांच्या टाकीत जातो, आपल्या रानात येत नाही. रानातला कॅमेरा किंवा संस्थेचा संगणक गाठायचा तर पाइप स्वतःचाच पुरावा लागतो.

सही आणि सहीचा नमुना

आज या कामासाठी 'वायरगार्ड' हे साधन पुष्कळ वापरले जाते. जेसन डोनेनफेल्ड यांनी ते तयार केले आणि मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीत त्याला कायमची जागा मिळाली. त्याचा गाभा सुमारे ४,००० ओळींचा, म्हणजे जाणकाराला बसून तपासता येईल एवढाच आहे. ते फुकट आहे.

त्यात प्रत्येक मोबाइलला, प्रत्येक संगणकाला दोन किल्ल्या असतात, एक खासगी आणि एक सार्वजनिक. बँकेत आपल्या सहीचा नमुना असतो, सही करणारा हात मात्र आपल्याजवळ राहतो. तसेच हे आहे. सार्वजनिक किल्ली हा नमुना आणि खासगी किल्ली हा हात. नमुना जुळला तरच दार उघडते. न जुळल्यास वायरगार्ड उत्तरसुद्धा देत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला तिथे दार आहे की भिंत, हेही समजत नाही.

डबा आणि वही

किल्ल्या करणे, वाटणे आणि बंद करणे हे काम हाताने करायचे तर लिनक्सचे ज्ञान लागते. ते सोपे करणारी एक चौकट म्हणजे 'डॅशबोर्ड' असतो. 'डब्ल्यूजी-ईझी' हा त्यातला एक, तोही फुकट. ब्राउझरमध्ये तो उघडला की नावांची यादी दिसते. नवे नाव घातले की क्यूआर कोड येतो, मोबाइलने तो टिपला की काम झाले. कोण शेवटचे कधी आले होते आणि किती माहिती गेली-आली, हेही समोर दिसते. साध्या भाषेत सांगायचे तर ही किल्ल्यांची वही आहे.

ही वही 'कंटेनर'मध्ये चालते. पूर्वी बोटीवर माल चढविताना हमाल एकेक पोते पाठीवरून नेत. २६ एप्रिल १९५६ रोजी 'आयडियल एक्स' ही बोट न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन निघाली आणि तेव्हापासून ही रीत पालटली. मालाचा डबा गच्च भरायचा, मग तो ट्रकवर ठेवा नाहीतर बोटीवर, आतल्या मालाला फरक पडत नाही. संगणकातही तेच झाले. प्रोग्राम आणि त्याला लागणारे सारे सामान एका डब्यात भरून कुठल्याही यंत्रावर ठेवायचे, ही रीत २०१३ साली आलेल्या 'डॉकर'ने रूढ केली. जुना संगणक असो, रास्पबेरी पाय असो की भाड्याचा सर्व्हर असो, डबा तोच. डबा बिघडला तर फेकून नवा घेता येतो. मात्र वहीची पाने डब्याबाहेर, यंत्राच्या एका फोल्डरमध्ये ठेवावी लागतात. ती गेली तर साऱ्या किल्ल्या गेल्या.

न वापरलेले खाते

आता मूळ मुद्दा. किल्ली देणे एका मिनिटाचे काम आहे. परत कोण घेणार?

अमेरिकेत 'कलोनियल पाइपलाइन' ही सुमारे ८,८०० किलोमीटरची तेलवाहिनी आहे. पूर्व किनाऱ्याला लागणाऱ्या इंधनापैकी जवळजवळ निम्मे तीतून जाते. मे २०२१ मध्ये खंडणीखोर तिच्या संगणकांत शिरले. कंपनीला वाहिनी बंद करावी लागली आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. कंपनीने ७५ बिटकॉइन, म्हणजे त्या वेळचे सुमारे ४४ लाख डॉलर दिले. त्यातला बराचसा भाग पुढे सरकारने हस्तगत केला, ती गोष्ट वेगळी. चोर आले कुठून? व्हीपीएनच्या एका जुन्या खात्यातून. ते खाते कोणी वापरत नव्हते, पण ते बंदही केलेले नव्हते. पासवर्ड फुटलेला होता आणि दुसरी कोणतीही खूण मागितली जात नव्हती. जूनमध्ये कंपनीच्या प्रमुखांनी हे सिनेटच्या समितीपुढे सांगितले.

सहकारातल्या माणसाला हे नवे नाही. मयत सभासदाचे नाव यादीत वर्षानुवर्षे राहते, वारसाची नोंद होत नाही, आणि निवडणुकीच्या तोंडावर त्याच नावावरून तंटा होतो. व्हीपीएनच्या वहीतही असेच होते. ठिबक बसवून गेलेला तंत्रज्ञ, नोकरी सोडून गेलेला क्लार्क, विकून टाकलेला मोबाइल या सगळ्यांच्या किल्ल्या चालूच राहतात.

राखणीची पाच कामे

पहिले. एका माणसाच्या एका यंत्राला एकच किल्ली द्यावी आणि तिला नीट नाव द्यावे. "ऑफिस" असे नाव घालून एकच किल्ली पाच जणांत फिरवली तर उद्या एकाची बंद करताना पाचही जण अडतात. हंगामापुरत्या माणसाच्या किल्लीला मुदतीची तारीख घालता येते. ती घालावी, म्हणजे किल्ली आपोआप बंद पडते.

दुसरे. वही चव्हाट्यावर ठेवू नये. वायरगार्डचे दार ५१८२० क्रमांकाचे, ते उघडे ठेवावेच लागते. वहीचे दार ५१८२१ क्रमांकाचे, ते जगाला उघडे नको. इथे एक खाच आहे. उबंटूच्या यंत्रावर 'यूएफडब्ल्यू' हे कुंपण घालून माणूस निश्चिंत होतो. पण डॉकर पोर्ट उघडताना स्वतःचे नियम घालतो आणि कुंपणात 'बंद' लिहिलेले असले तरी ते पोर्ट बाहेरून उघडेच राहते. म्हणून डब्याच्या मांडणीतच ५१८२१ हे पोर्ट १२७.०.०.१ या पत्त्याला, म्हणजे त्या यंत्रापुरतेच बांधावे. मग वही उघडायची ती एसएसएचच्या वाटेने किंवा व्हीपीएनमध्ये शिरल्यावर.

तिसरे. या वहीत सहीचे नमुने असतात आणि सही करणारे हातही असतात. क्यूआर कोड पुन्हा दाखविता यावा म्हणून खासगी किल्ल्या तिथेच ठेवलेल्या असतात. सह्या करून ठेवलेले सर्वांचे कोरे चेक एकाच कपाटात असावेत, तसे हे आहे. म्हणून पासवर्ड लांब असावा आणि मोबाइलवर येणारा दुसरा आकडाही लावावा. पानांची नक्कल नेमाने काढावी, पण ती पेनड्राइव्हवर उघडी फिरवू नये.

चौथे. आवृत्तीकडे लक्ष असावे. डब्ल्यूजी-ईझीची १५ वी आवृत्ती २०२५ मध्ये आली. तिची घडण नवी असल्याने १४ ची परस्पर १५ होत नाही. जुनी फाइल काढून नव्या वहीत घ्यावी लागते. आधी नक्कल, मग बदल, हा क्रम सोडू नये.

पाचवे. गरजेपुरतीच वाट द्यावी. कॅमेरा पाहणाऱ्याला संस्थेचा हिशेब दिसण्याचे कारण नाही. कोणत्या किल्लीने कुठवर जाता येईल याची मर्यादा सर्व्हरवर घालावी. नुसती मोबाइलमध्ये घातलेली मर्यादा तो मोबाइलवाला बदलू शकतो.

पत्ता, वीज आणि कायदा

एक अडचण आधीच सांगितलेली बरी. आपल्याकडच्या मोबाइल इंटरनेटवर बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्यामागे पुष्कळ ग्राहक बसविलेले असतात. अशा जोडणीवर घरचा संगणक बाहेरून सापडत नाही. मग कंपनीकडून स्थिर पत्ता घ्यावा, किंवा वही भाड्याच्या लहान सर्व्हरवर ठेवून रानातल्या राउटरला तिथली एक किल्ली द्यावी. राउटर आतून बाहेर जोडला जातो आणि दर २५ सेकंदांनी हाक देऊन वाट उघडी ठेवतो. वीज जाऊन आली तर? डॉकरला एकदा सांगून ठेवले की यंत्र चालू होताच डबाही आपोआप चालू होतो.

कायद्याचेही थोडे. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने व्हीपीएन सेवा देणाऱ्यांना ग्राहकांची नावे व पत्ते पाच वर्षे जपण्याचा आदेश दिला. संस्थेच्या अंतर्गत व्हीपीएनला तो लागू नाही, असा खुलासा पुढे करण्यात आला. पण कायद्याने सांगितले नाही म्हणून आपली वही आपण जपायची नाही, असे थोडेच आहे?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. वर्षातले दोन दिवस आपल्या ध्यानात आपोआप राहतात, मोळी टाकण्याचा आणि पट्टा पडण्याचा. त्या दोन दिवशी वही उघडावी आणि एकेक नाव मोठ्याने वाचावे. हा माणूस आजही आपल्याकडे आहे काय? हे यंत्र आजही त्याच्याच हातात आहे काय? उत्तर 'नाही' आले, किंवा ठामपणे देता आले नाही, तर किल्ली बंद करावी. गरज असेल तर तो माणूस उद्या येऊन मागेल आणि नवी किल्ली एका मिनिटात देता येईल.