शेड मोठी, कापड किती?

बऱ्हाणपुरात पॉवरलूमवाल्याला विचारा. शेडमध्ये माग किती आहेत यावरून रोज कापड किती उतरतं, ते कळत नाही. निम्मे माग बंद असतील, तर भली मोठी शेडही कामाची नाही. यकृताचं तसंच असतं, आणि डॉक्टरांची पंचाईत इथेच होते.

सोनोग्राफी आणि सीटी शेडचं माप देतात. रक्तातलं एसजीपीटी म्हणजे मागाखाली पडलेले तुटके धागे. पेशी फुटल्या की ते रक्तात सांडतं. सिरोसिस फार पुढे गेला की फुटायलाही पेशी थोड्याच उरतात, मग एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं. घरचे पेढे आणायला निघतात, पण ती खुशी फसवी. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, आयएनआर यांवरून कामाचा अंदाज येतो खरा, पण सगळ्या यकृताचा मिळून. गाठीमुळे उजवा भाग कापायचा असेल, तर उरलेला डावा संसार ओढेल का, हे रक्त सांगत नाही.

ते सांगतो हिडा स्कॅन. मेब्रोफेनिन नावाचं औषध टेक्नेशियम-99एमला जोडून शिरेतून देतात. बिलिरुबिन ज्या दारातून यकृताच्या पेशीत शिरतं, त्याच दारातून हेही शिरतं आणि न बदलता पित्तात उतरतं. टेक्नेशियममधून गॅमा किरण निघतात. कॅमेरा स्वतः काहीच सोडत नाही, रुग्णाच्या अंगातून येणारे किरण नुसते मोजतो.

चार तास उपाशीपोटी जायचं, कॅमेऱ्याखाली उताणं पडायचं. हृदय आणि यकृत दोन्ही चौकटीत घेतात. सुई टोचताक्षणी चित्रं सुरू. हिशेबाला धरतात ती 150 ते 350 सेकंदांमधली. त्याआधी औषध रक्तात नीट मिसळलेलं नसतं. नंतर पित्त यकृताबाहेर पडू लागतं. मधल्या या तीनेक मिनिटांत पेशी फक्त उचलत असतात. हृदयावरच्या मोजणीतून रक्तात किती उरलं ते कळतं, यकृतावरच्या मोजणीतून किती उचललं ते. उत्तर येतं मिनिटाला इतके टक्के, शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे. मग कॅमेरा अंगाभोवती फिरतो आणि कोणत्या भागाचा वाटा किती, ते वेगळं दाखवतो.

अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी 2010 मध्ये एक सीमा सुचवली: मागे राहणाऱ्या भागाचा आकडा 2.7च्या खाली असेल, तर शस्त्रक्रियेनंतर यकृत निकामी होण्याचा धोका मोठा. अशा वेळी कापायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बुजवतात, दुसरी बाजू वाढू देतात आणि काही आठवड्यांनी पुन्हा मोजतात. आकार वाढण्याआधीच काम वाढलेलं दिसू शकतं. मला या तपासणीचं खरं मोल इथे वाटतं.

किरणांची भीती बरेचजण बोलून दाखवतात. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सोळावा हिस्सा उरतो. मुंबईत परळला अणुऊर्जा खात्याचं रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 पासून आहे, म्हणजे आपल्याकडे ही विद्या काही कालची नाही.

इंदूरची गाडी धरा की मुंबईची, गरोदर असाल किंवा बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा. आणि बिलिरुबिनचा ताजा रिपोर्ट सोबत ठेवा. कावीळ जास्त असेल तर बिलिरुबिन आणि औषध एकाच दारात रेटारेटी करतात, आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो.