झिजण्यासाठीच घडवलेले भाग

मुंबईतली शेवटची नोंदणीकृत प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. १०८९ सीसीचं तिचं चार सिलिंडरी इंजिन मूळ फियाटच्या आराखड्याचं. टॅक्सीच्या धंद्यात अशी इंजिनं पुन्हा पुन्हा खोलली जायची आणि दर वेळी वाद तोच: हाफ इंजिन की फुल? म्हणजे हेड आणि पिस्टन-रिंगांवर भागवायचं, की क्रँकही बाहेर काढायचा?

गिऱ्हाईक याचं उत्तर खिशाकडे बघून देतं. पण इंजिनात झीज कुठे होते हे कळलं, तर बरंचसं उत्तर तिथेच मिळतं.

सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. पिस्टन वेगात असताना रिंग आणि भिंत यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर टिकतो. वरच्या टोकाला पिस्टन क्षणभर थांबतो आणि नेमका तिथेच जळत्या वायूचा दाब नि उष्णता सर्वाधिक. थर तुटतो, धातूला धातू घासतो. त्याच्याही वर, जिथे रिंग पोचतच नाही, तिथे मूळ मापाचा कंगोरा उरतो. नख फिरवलं की अडतं. ‘नुसत्या रिंगा टाका’ हा सल्ला इथे फसतो, कारण नव्या रिंगेची ताजी, चौकोनी कड त्या कंगोऱ्यावर आपटून रिंग तुटू शकते.

ही झीज मोजायला बोअर गेज नसलं तरी चालतं. रिंग सिलिंडरच्या तळाशी, न झिजलेल्या भागात, पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकलायची आणि तिच्या तोंडातली फट फिलर गेजने मोजायची. मग तीच रिंग कंगोऱ्याच्या जरा खाली आणून पुन्हा मोजायची. खाली ०.३५ मिमी आणि वर ०.७५ भरली, तर फरक ०.४०. त्याला ३.१४ ने भागलं की व्यासातली झीज निघते, साधारण ०.१३ मिमी. किती चालेल ते त्या-त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं, पण एवढी झीज असेल तर बहुधा बोअर करावाच लागतो. त्यातही मेख आहे. ०.२५ मिमी ओव्हरसाइज, म्हणजे तेवढ्या मोठ्या पिस्टनसाठी बोअर केलं, तर प्रत्येक बाजूने जेमतेम ०.१२५ मिमी धातू निघतो. झीज एकाच बाजूला असेल, तर तेवढ्याने ती साफ होत नाही आणि थेट ०.५० चा पिस्टन घ्यावा लागतो. म्हणून माप घेण्याआधी पिस्टन विकत आणू नयेत.

क्रँकचं गणित वेगळं. फिरणारा दांडा तेल स्वतःच्या खाली ओढून त्यावर तरंगतो, हे ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सने १८८६ मध्ये गणिताने मांडलं. त्यासाठी फट दांड्याच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढी लागते. ती वाढली की तेल बाजूने निसटतं, दाब उतरतो. बेअरिंगचा शेल मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे तेलातला कचरा शेलमध्ये रुतावा आणि महागडा क्रँक वाचावा. नवे शेल घालायचेच असतात, पण जुने फेकण्याआधी ओळीने मांडून बघावेत. सारखा राखाडी रंग असेल तर ठीक. खालचं तांबं उघडं पडलं असेल, तर वरचा थर संपला. ओरखडे म्हणजे तेलात कचरा होता. एकच कड घासली असेल, तर कनेक्टिंग रॉड वाकला आहे का ते तपासा. तसा असेल तर नवे शेलही तो खाणारच. (आजच्या अनेक गाड्यांत अॅल्युमिनियमचे शेल असतात, तिथे तांबं शोधत बसू नये.)

दिसण्यावर जाऊन उपयोग नाही. आधुनिक इंजिनांतले बरेचसे हेड बोल्ट आवळताना कायमचे ताणले जातात. ते चकचकीत दिसले तरी पुन्हा वापरायचे नाहीत. गॅस्केट आणि ऑइल सील यांच्याबद्दल तर चर्चाच नको. उलट मेन बेअरिंगच्या काळ्याकुट्ट टोप्या जपून, खुणा करून ठेवायच्या. त्या ब्लॉकला लावूनच छिद्र पाडलेलं असतं. एक टोपी दुसरीच्या जागी गेली, की गोलाई बिघडते.

कनेक्टिंग रॉड मात्र नुसत्या डोळ्यांनी पास करू नये. पोलाद थकतं तेव्हा त्यात आधी केसाएवढी चीर पडते. रॉडला चुंबकत्व देऊन त्यावर लोहभुकटी टाकली, की चिरेवर ती रेघेसारखी जमते. रेघ दिसली तर रॉड भंगारात. तिथे वेल्डिंग मारून देतो म्हणणारा भेटला, तर गाडी त्याच्या दारातून उचलून दुसरीकडे न्यावी.