श्रुत आणि स्मृत : ऐकलेला ध्वनी मेंदूत कसा टिकतो?

गेल्या पावसाळ्यात पंचवटीतील आमच्या चिकित्सालयात घडलेला एक प्रसंग प्रथम नमूद करतो. मूत्रदाहाची तक्रार घेऊन आलेल्या एका वृद्ध गृहस्थांना आम्ही चंद्रप्रभा वटी घेण्यास तोंडीच सांगितले. गर्दी होती, चिठ्ठी लिहिण्याचे राहून गेले. आठ दिवसांनी ते परत आले तेव्हा त्यांच्या पिशवीत चंद्रकला रसाची डबी होती. दुकानदाराने मागितले तेच दिले होते आणि आपण सांगितलेलेच मागितले, अशी गृहस्थांची प्रामाणिक खात्री होती. एक शिलाजतु-गुग्गुळाचा कल्प, तर दुसरा पारद-ताम्रयुक्त रसकल्प. सुदैवाने अपाय झाला नाही, परंतु दोष सर्वस्वी आमचा होता.

घरच्या मंडळींनी लगेच निदान केले, ‘आजोबांची स्मरणशक्ती गेली, काही मेध्य द्या.’ आम्हीही क्षणभर तसेच समजलो. मात्र चंद्रप्रभेची चंद्रकलाच का झाली, गोक्षुरादी का झाली नाही, हा प्रश्न मनात राहिला आणि त्यानिमित्ताने ध्वनिस्मृतीविषयी जे वाचन झाले त्यातील काही भाग व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत.

१९६४ मध्ये कॉनराड या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने लोकांना अक्षरे डोळ्यांनी दाखवून ती आठवण्यास सांगितले. झालेल्या चुका दिसण्यात सारख्या असलेल्या अक्षरांच्या नव्हत्या, उच्चारात सारख्या असलेल्या अक्षरांच्या होत्या. म्हणजे पाहिलेलेही आपण अल्पकाळ ध्वनिरूपानेच धरून ठेवतो. पुढे १९७४ मध्ये बॅडले व हिच यांनी अल्पकालीन स्मृतीची जी मांडणी केली, तिच्यातून ध्वनीच्या आवर्तनाची कल्पना रूढ झाली. ऐकलेला शब्द एका साठ्यात जेमतेम दोन सेकंद टिकतो आणि मनातल्या मनात पुनःपुन्हा उच्चारला तरच जिवंत राहतो. या वेळी तोंडाने दुसरेच काही बोलावयास लावले की तो निसटतो. दुकानापर्यंत जाताना वाटेत कोणी भेटले, चार शब्द बोलणे झाले, की वैद्याने सांगितलेले नाव का विरते ते यावरून ध्यानी येईल.

हे कार्य मेंदूत एकाच ठिकाणी चालत नाही. कर्णातून निघालेली संवेदना थॅलॅमसमार्गे टेम्पोरल लोबच्या वरच्या भागातील श्रवणकेंद्रात पोहोचते. न्यूकॅसल येथील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, एखादा साधा स्वर काही सेकंद मनात धरून ठेवताना श्रवणकेंद्राबरोबरच हिप्पोकॅम्पस आणि वाणीशी निगडित असलेला फ्रंटल लोबचा खालचा भागही कार्यरत असल्याचे आढळले. स्वराला अर्थ नाही, शब्द नाही, तरीही वाणीचे क्षेत्र जागे होते. ऐकलेले टिकवण्यात मुखाचा वाटा आहे, तो असा.

हे तत्त्व आपल्याकडे किती जुने आहे हे पाहण्यास नाशिककरांना लांब जावे लागत नाही. त्र्यंबकेश्वराच्या वेदपाठशाळेत सकाळी काही वेळ बसावे. गुरुजी एक पद म्हणतात, विद्यार्थी ते दोनदा म्हणतात. या प्रांतात शुक्ल यजुर्वेदाची माध्यंदिन शाखा प्रचलित आहे. तिच्या संहितेत ४० अध्याय व १९७५ मंत्र असून स्वर दाखवण्यासाठी हात हलवण्याची पद्धती आहे. संहिता, पद, क्रम झाले की जटा येते: पहिले-दुसरे, दुसरे-पहिले, पुन्हा पहिले-दुसरे. घनपाठात हीच गुंफण तीन पदांवर जाते. अर्थाच्या आधाराने आठवण्याची सोय येथे मुद्दामच काढून टाकलेली आहे. उलट्या क्रमाने म्हटलेल्या पदांना अर्थ कोठला? राहतो तो केवळ ध्वनी, मुख आणि हात. २०२५ च्या अखेरीस अहिल्यानगर जिल्ह्यातील वेदमूर्ती देवव्रत रेखे यांनी काशीत ५० दिवसांत दंडक्रमाचे पारायण पूर्ण केले, तेव्हा सुमारे २०० वर्षांपूर्वी नाशकात वेदमूर्ती नारायणशास्त्री देव यांनी केलेल्या पारायणाचे स्मरण सर्वत्र करण्यात आले.

अशाच पंडितांच्या मेंदूचे चुंबकीय चित्रण हार्टझेल व सहकाऱ्यांनी हरियाणातील मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात केले. २१ यजुर्वेदी पंडित आणि तितक्याच अन्य व्यक्ती यांची तुलना २०१६ च्या ‘न्यूरोइमेज’मध्ये छापून आली. पंडितांच्या टेम्पोरल लोबच्या बाह्य भागात व हिप्पोकॅम्पसमध्ये करड्या द्रव्याची लक्षणीय वाढ दिसली. हिप्पोकॅम्पसमधील हा फरक लंडनच्या टॅक्सीचालकांसारख्या वाटाड्यांत पूर्वी आढळलेल्या फरकाशी जुळणारा होता. येथे उत्साहाच्या भरात एक विसरू नये. हे चित्रण एकाच वेळचे आहे. पाठांतराने मेंदू घडला, की तशा मेंदूचे विद्यार्थीच शेवटपर्यंत टिकले, हे त्यावरून ठरत नाही. ‘मंत्राने मेंदू वाढतो’ असे फलक लावणाऱ्यांनी मूळ निबंध वाचलेला नसावा.

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात स्मृतीची आठ कारणे दिली आहेत. त्यांत अभ्यास आहे आणि पुनःश्रुतही आहे. पुन्हा ऐकणे हे स्वतंत्र कारण मानले, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते, कारण व्यवहारात आपण औषधाकडे धावतो आणि याकडे दुर्लक्ष करतो.

औषधाचे स्थान आहेच. ब्राह्मीवरील, म्हणजे येथे बॅकोपावरील, ऑस्ट्रेलियातील २००२ च्या चाचणीत ४० ते ६५ वयाचे ७६ जण होते. नव्याने शिकलेले टिकण्यात त्यांना लाभ झाला, शिकण्याचा वेग मात्र वाढला नाही. परीक्षेच्या तोंडावर पालक बाटली मागतात तेव्हा विक्रेत्यांनी हे सांगावयास हवे. ब्राह्मी या नावाने बॅकोपा आणि मंडूकपर्णी दोन्ही विकल्या जातात. आपल्याकडे कोणती आली, याचीही खात्री करून घ्यावी.

आता पुन्हा त्या गृहस्थांकडे. मेध्य देण्यापूर्वी आम्ही त्यांना कर्णतपासणीसाठी पाठविले. उच्च कंपनसंख्येचे ध्वनी त्यांना बरेच कमी ऐकू येत होते. वार्धक्यातील बाधिर्यात स्वर ऐकू येतात, व्यंजने गळतात. ‘प्रभा’ आणि ‘कला’ यांतील स्वर तेच, ‘अ’ आणि ‘आ’. आजोबांची स्मृती जागेवर होती, तिच्यापर्यंत पोहोचलेला शब्दच अर्धा होता. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञमंडळाने २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या १४ कारणांत बाधिर्यास स्थान दिले आहे, तेव्हा ही तपासणी केवळ सोय म्हणून नव्हे, चिकित्सा म्हणूनही करावयाची आहे.

त्या गृहस्थांनी श्रवणयंत्र घेतले. सुरुवातीस कुरकुर केली, दोन महिन्यांनी सवय झाली. आम्ही आता प्रत्येक कल्पाचे नाव ठळक अक्षरांत लिहून देतो आणि रुग्णाकडून नाव, मात्रा व अनुपान मोठ्याने म्हणवून घेतो. शेजारच्या औषधालयाचे मालकही डबी हाती देण्यापूर्वी हेच विचारू लागले आहेत. पहिल्या आठवड्यात त्यांच्याकडे सितोपलादी मागणाऱ्या एका बाईंच्या चिठ्ठीवर तालीसादी निघाले.