अमेरिकन रौप्य नाणी : रौप्यांश व मूल्यनिर्णय

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी चलनासाठी पाडलेल्या चांदीच्या वा चांदीमिश्रित नाण्यांना तीन प्रकारची मूल्ये असतात : नाण्यावर छापलेले दर्शनी मूल्य, त्यातील चांदीचे धातुमूल्य व संग्राहक देऊ करतात ते संग्राह्य मूल्य. यांपैकी धातुमूल्य गणिताने ठरविता येते. संग्राह्य मूल्य मात्र दुर्मिळता, स्थिती व मागणी यांवर अवलंबून असते. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे मौल्यवान नाणी आटविली जातात किंवा सामान्य नाण्यांना भलतीच किंमत दिली जाते.

रौप्यांश : १७९२ च्या कायद्यानुसार एका डॉलरमध्ये ३७१·२५ ग्रेन (सु. २४·०६ ग्रॅ.) शुद्ध चांदी असे. १८३७ मध्ये चांदीचा कस ९० टक्के ठरविण्यात आला. उरलेल्या १० टक्के तांब्यामुळे नाण्यास कठीणपणा येतो. डॉलरचे वजन त्यामुळे २६·७३ ग्रॅ. झाले, पण त्यातील शुद्ध चांदी तेवढीच राहिली. मॉर्गन डॉलर (१८७८–१९०४ व १९२१) आणि पीस डॉलर (१९२१–२८ व १९३४-३५) याच प्रमाणाचे आहेत.

चांदी महागल्यामुळे लहान नाणी आटविली जाऊ लागली, म्हणून १८५३ मध्ये त्यांचे वजन घटविण्यात आले. १८७३ पासून अर्धा डॉलर १२·५ ग्रॅ., पाव डॉलर ६·२५ ग्रॅ. व डाइम (दहा सेंट) २·५ ग्रॅ. वजनाचा झाला. परिणामी एक डॉलर किंमतीच्या या किरकोळ नाण्यांत मिळून २२·५ ग्रॅ. शुद्ध चांदी असते, म्हणजे अखंड रौप्य डॉलरपेक्षा कमी. चलनात झिजलेल्या नाण्यांसाठी व्यापारी हे प्रमाण सु. २२·२४ ग्रॅ. (०·७१५ ट्रॉय औंस) धरतात.

१९६५ च्या कायद्याने डाइम व पाव डॉलर यांतील चांदी काढून टाकण्यात आली. तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलाचे थर असलेली नाणी निघू लागली. अर्ध्या डॉलरमध्ये १९६५–७० या काळात ४० टक्के चांदी होती. म्हणून चलनातील डाइम व पाव डॉलर यांच्याबाबतीत १९६४ हे वर्ष सीमारेषा मानतात. पाच सेंटांच्या नाण्यात एरव्ही चांदी नसते. परंतु दुसऱ्या महायुद्धात निकेलाची बचत करण्यासाठी १९४२ च्या उत्तरार्धापासून १९४५ पर्यंत ते ३५ टक्के चांदीचे काढण्यात आले. त्याच्या मागील बाजूस इमारतीच्या घुमटावर मोठे टांकसाळ-चिन्ह असते.

परीक्षण : प्रथम वर्ष व नंतर कड पाहावी. थरांच्या नाण्याच्या कडेवर तांबूस पट्टा दिसतो, ९० टक्के चांदीच्या नाण्याची कड एकरंगी असते. थरांचा पाव डॉलर ५·६७ ग्रॅ. भरतो. ९० टक्के मिश्रधातूचे विशिष्ट गुरुत्व सु. १०·३ असल्याने पाण्यात तोलूनही निर्णय घेता येतो. चांदी लोहचुंबकास चिकटत नाही. तथापि न चिकटणारे प्रत्येक नाणे चांदीचे असतेच असे नाही. सराफी कसोटीच्या दगडावर नाणे घासल्यास ओरखडा पडून संग्राह्य मूल्य घटते, म्हणून ती पद्धत येथे टाळावी.

संग्राह्य मूल्य : यासाठी वर्षाबरोबरच टांकसाळ-चिन्ह पाहणे आवश्यक असते. उदा., १८९३ मधील सॅन फ्रॅन्सिस्को टांकसाळीचे मॉर्गन डॉलर केवळ एक लाख पाडले गेले. त्यांची किंमत चांदीच्या किंमतीच्या कित्येक पटींनी अधिक असते. तरीही पाडलेल्या नाण्यांचा आकडा पुरेसा नाही. १९१८ च्या पिटमन कायद्यान्वये २७ कोटींहून अधिक रौप्य डॉलर वितळविण्यात आले. पहिल्या महायुद्धाच्या काळात भारतात नोटांच्या बदल्यात चांदीचे रुपये देणे सरकारला कठीण झाल्यामुळे यातील बहुतेक चांदी ब्रिटिश सरकारने भारतासाठी विकत घेतली. कोणत्या वर्षाची किती नाणी वितळली, याची नोंद ठेवली गेली नाही. म्हणून आज किती शिल्लक आहेत हे टांकसाळीच्या नोंदींवरून कळत नाही. याउलट न्यू ऑर्लीन्सचा १९०३ चा डॉलर अत्यंत दुर्मिळ समजला जाई. १९६२ मध्ये सरकारी कोषागारातून त्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि त्याची किंमत एकाएकी कोसळली.

स्थितीचे मोजमाप १ ते ७० या श्रेणीने करतात. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ती मोठ्या तांब्याच्या सेंटांसाठी सुचविली व पुढे ती इतर नाण्यांनाही लावण्यात आली. कालांतराने चांदीवर येणारा काळपट वा रंगीत थर हा दोष नव्हे. रांगोळी, राख किंवा रासायनिक द्रावण वापरून नाणे उजळल्यास मूळ पृष्ठभाग कायमचा नष्ट होतो. धातुमूल्य तेव्हाही जवळजवळ तेवढेच राहते, पण संग्राह्य मूल्य बहुधा गेलेले असते. म्हणून वर्ष, चिन्ह व स्थिती यांची तज्ज्ञाकडून खात्री करून घेईपर्यंत जुने नाणे घासू नये व आटवूही नये.