किती एचपीची?

कळवणच्या बाजारात मोटर घ्यायला गेलं की पहिला प्रश्न ‘किती एचपीची?’ हाच. पाणी किती खोल, हे नंतर निघतं, पुष्कळदा निघतच नाही. मोटेपासून सोलरपर्यंत विहिरीवरचं सगळं बदललं, पण पंप निवडताना खोलीकडे होणारं दुर्लक्ष वीज आल्यापासून मुरलंय.

मोटेच्या काळात तसं करायची सोयच नव्हती. विहीर जितकी खोल तितकी बैलांची धाव लांब, तितकाच नाडा लांब. खोली बैलांच्या पावलांनीच मोजली जाई. चणकापूरचं धरण 1911 साली झालं, कालव्याखालच्या गावांना पाट मिळाला. बाकीच्यांना मात्र काळ्या कातळात खोदलेल्या विहिरीच.

किर्लोस्करवाडीला सेंट्रिफ्युगल पंप 1926 मध्ये तयार झाला, पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली उभी राहिली. हँडल मारून इंजिन सुरू करायचं, पट्ट्यावर पंप फिरवायचा. पण हवेच्या दाबावर पाणी तत्त्वतः 10.3 मीटरच चढतं, तेही समुद्रसपाटीला. व्यवहारात सहा-सात मीटर. म्हणून उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंपही विहिरीत खाली उतरवायचा. फूटवॉल गळका असला तर सुरू करण्याआधी बादलीने पाणी भरत बसायचं.

राज्य वीज मंडळ 1960 साली स्थापन झालं आणि पुढे शिवारात तारा पोहोचल्या. घोळ खरा इथून वाढला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात शेतीपंपाचं बिल मीटरऐवजी अश्वशक्तीवर येऊ लागलं. जास्त वेळ चालवा, बिल तेवढंच. मग मोठी मोटर का नको? पाटीवर तीन, आत पाच, अशाही मोटरी राज्यात सर्रास दिसू लागल्या. शेवटच्या डीपीवर व्होल्टेज पडलं की मोटर जादा अँपिअर ओढायची आणि वाइंडिंग जळायचं. रिवाइंडिंगवाल्याचा धंदा मात्र बरकतीत!

1972च्या दुष्काळानंतर बोअर वाढले. पाणबुडी पंप पाण्यातच बसतो, त्यामुळे ओढीची मर्यादा संपली. पाणी ढकलण्याची मात्र संपली नाही. पाच एचपीच्या संचाची एकूण कार्यक्षमता निम्मी धरली, तर तीस मीटरवर सेकंदाला सुमारे सहा लिटर पाणी मिळतं. साठ मीटरवर, त्या खोलीसाठीच बनवलेला पंप असला तरी, तीनच. तीस मीटरचा पंप तिथे सोडला तर नळीच्या तोंडाला थेंबही येणार नाही. घरात समुद्री मासे पाळणारा हौशी माणूस खालच्या टाकीतून वर पाणी चढवणारा इवलासा पंप घेतानाही खोक्यावर आधी ‘हेड’, म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते, वाचतो. लाखाच्या पिकाला पाणी देणाऱ्या पंपाची पाटी मात्र एचपीपुढे वाचली जात नाही.

कळवणला याची परीक्षा फेब्रुवारी-मार्चात होते. उन्हाळ कांदा पोसायला लागतो, पाळी चुकवून चालत नाही, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळ गाठते. पावसाळ्यानंतर तुडुंब विहिरीवर झकास चालणारा पंप तेव्हा धापा टाकतो. त्यात वीज रात्रीची असली की अंधारात बांधावर जायचं.

रात्रीची ही पायपीट सोलरने बरीचशी वाचवली. 2024च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला दहा टक्के, तर अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के रक्कम भरायची. आदिवासीबहुल कळवणमध्ये त्या पाच टक्क्यांना मोठा अर्थ आहे. अडीच एकरांपर्यंत तीन एचपी, पाच एकरांपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. म्हणजे एचपी ठरणार सातबाऱ्यावरून!

सोलरवर तर खोली आणखी महागात पडते. ऊन कमी असलं की पंपाचा वेग उतरतो आणि वेग निम्मा झाला की पाणी चढवण्याची उंची पावपट होते. त्यामुळे उथळ विहिरीवर सकाळी लवकर धार लागते, खोल बोअरवर तेवढ्याच पॅनेलला ऊन तापेपर्यंत थांबावं लागतं. ढगाळ दिवशी तर कांद्याची पाळी दुसऱ्या दिवसावरच जाते.