नव्या मालिका आणि प्रेक्षकांचा कौल



एखादी नवी दूरदर्शन-मालिका सुरू झाली, कीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं घरोघरीं तिची चर्चा होते. "सासू अगदीं खरी वठली आहे", "नायक मात्र निव्वळ ठोकळा", "एवढ्यांत मत देऊं नका, अजून दोन भाग पाहूं" असे अभिप्राय चहाच्या पेल्यांबरोबर फिरूं लागतात. हल्लीं तर मोबाईलवरून ते क्षणार्धांत परगांवच्या आप्तांपर्यंत पोंचतात. हा सारा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे, असें पुष्कळ सुशिक्षितांचें मत आहे. मला तसें वाटत नाहीं, आणि कां वाटत नाहीं तेंच आज सांगावयाचें आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घ्यावयास हवा. नाटक पडदा वर जाण्यापूर्वीं लिहून पुरें झालेलें असतें. मालिकेचें बहुधा तसें नसतें. तिचे आरंभींचे भाग दाखविले जात असतांनाच पुढील भाग लिहिले जात असतात. त्यामुळें प्रेक्षकांचें मत कथा संपल्यावर नव्हे, तर ती चालू असतांनाच लेखकाच्या कानीं पडतें व तिला वळण देऊं शकतें. खंडशः कथा आपणांस नवी नाहीं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' पत्रांत क्रमशः येत होती. यमूचें पुढें काय होतें हें कळण्यास वाचकांना पुढच्या अंकापर्यंत थांबावें लागे.

प्रेक्षकांच्या मताचें सामर्थ्य पाहावयाचें, तर 'हम लोग' या हिंदी मालिकेचें उदाहरण घ्यावें. माहिती व नभोवाणी मंत्री वसंतराव साठे हे १९८२ सालीं मेक्सिकोस गेले होते. तेथें मिगेल साबिदो यांनीं मनोरंजनांतून लोकशिक्षण करणाऱ्या मालिका निर्माण केल्या होत्या. तसाच प्रयोग आपल्याकडेहि व्हावा, ही कल्पना त्यांतून निघाली, आणि जुलै १९८४ ते डिसेंबर १९८५ या काळांत 'हम लोग'चे १५६ भाग दूरदर्शनवर झाले. लेखक होते मनोहर श्याम जोशी. पहिल्या तेरा-एक भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश फार झाला, तो लोकांना रुचला नाहीं आणि टीकाहि झाली. तेव्हां उपदेश मागें सारून एका मध्यमवर्गीय कुटुंबांतील सुखदुःखें पुढें आणण्यांत आलीं, व मालिका देशभर लोकप्रिय झाली. म्हणजे प्रेक्षकांनीं नाक मुरडलें, म्हणूनच ती सुधारली.

भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येऊन कथेंतील प्रश्नाविषयीं चार शब्द बोलत. मालिका चालू असतां चार लक्षांच्या घरांत पत्रें आलीं असें सांगतात. त्यांत आपल्या पसंतीच्या विवाहास आईबापांची संमति मिळवून द्यावी, अशी अशोककुमारांस विनंति करणारीं तरुणांचीं पत्रेंहि होतीं. जें घरीं वडिलांपुढें बोलतां येत नव्हतें, तें परक्या माणसास लिहितां आलें.

परंतु मताची दुसरी बाजूहि आहे. या कथेंतील भागवन्ती ही सोशिक गृहिणी, तर तिचा नवरा व्यसनी. असें मुकाट्यानें सोसणें बरें नव्हे, हें प्रेक्षकांस पटावें म्हणून लेखकानें तिला उभी केली. पुढें अरविंद सिंघल व एव्हरेट रॉजर्स या संशोधकांनीं पाहणी केली, तेव्हां पुष्कळ प्रेक्षकांना, त्यांतहि स्त्रियांना, तीच अनुकरणीय वाटली असें आढळलें. त्या दिवसांत आम्ही शेजारच्या घरीं ही मालिका पाहण्यास जात असूं. भागवन्तीला बोल बसले, कीं त्या घरच्या आजी समाधानानें म्हणत, "संसार असाच करायचा असतो." त्यांची सून स्वयंपाकघराच्या दाराशीं उभी राहून पाहात असे. तिला काय वाटतें, हें आम्हां कोणासहि विचारावेंसें वाटलें नाहीं. त्या लक्षावधि पत्रांत तिचें पत्र खचित नसावें.

आज मालिकेचें भवितव्य बव्हंशीं निवडक घरांत बसविलेल्या मोजणी-यंत्रांवर ठरतें. यंत्र किती घरांत मालिका पाहिली गेली तें सांगतें; ती कां आवडली किंवा कोणास बोंचली तें सांगत नाहीं. उलट, पत्रें कारण सांगतात, पण संख्येपुढें टिकत नाहींत. अमेरिकेंत 'स्टार ट्रेक' ही मालिका बंद पडण्याच्या बेतांत असतां चाहत्यांनीं पत्रांचा वर्षाव केला आणि १९६८ सालीं तिला तिसरें वर्ष मिळालें. पण प्रेक्षकसंख्या पुरेशी न भरल्यामुळें १९६९ सालीं ७९ भागांनंतर ती थांबलीच. तिची खरी लोकप्रियता पुढें पुनःप्रसारणांतून वाढली.

तात्पर्य, मत द्यावें, पण तें नेमकें असावें. "मालिका भिकार आहे" यापेक्षां "मुलीला नोकरी सोडावयास लावली, तो प्रसंग पटला नाहीं" हें लेखकाच्या अधिक उपयोगीं पडतें. पहिल्याच भागावर निकाल देण्याची घाई नसावी. पात्रें रुळण्यास दोन-चार भाग लागतात. आणि मोबाईलवर परगांवीं मत धाडण्यापूर्वीं आपल्याच घरांत दाराशीं उभी राहून कोणी मालिका पाहात असेल, तर तिला आधीं बसावयास सांगावें आणि "तुला काय वाटलें?" असें विचारावें. त्या शेजारच्या घरीं हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं.