पतंग, गुळवेल आणि बाराशे शब्द

पहाटे 5:10

टॉर्च घेऊन बगीच्यात. नवरात्राचा चौथा दिवस. आंबिया बहाराच्या फळावर पिवळी झाक आली आहे आणि झाडाखाली गळ पडली आहे. खुणेच्या पाच झाडांखाली आज 43 फळं. फळ हातात घेऊन दाबलं की टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून रसाची चिळकांडी उडते. ही रसशोषक पतंगाची सही. इतर पतंगांची सोंड फुलातल्या मधापुरती, याची संत्र्याची साल भोसकून आत जाणारी. रस तो थोडाच पितो. पण त्या भोकातून बुरशी शिरते आणि दोन-चार दिवसांत फळ जमिनीवर.

याच पतंगावर मी निसर्गलेखनाच्या एका स्पर्धेसाठी लेख लिहिलाय. मुदत आज रात्री बारापर्यंत. मर्यादा 1200 शब्दांची, माझे झालेत 1530.

6:30

गळ खड्ड्यात पुरली. चहा पिताना उत्तरेला सातपुड्याची रांग समोर होती. लेखाची सुरुवात तिच्यावरच केली होती, निळं धुकं वगैरे. खरं सांगायचं तर या दिवसांत मी मान वर करून त्या रांगेकडे बघतच नाही. नजर जमिनीवर, गळीवर.

8:00

गडी आला. आज धुऱ्यावरची गुळवेल आणि वासनवेल काढायची. पतंग संत्र्याच्या झाडावर वाढत नाही. अंडी घालतो या रानवेलींवर, अळी त्यांचीच पानं खाते आणि पंख फुटले की रात्री बगीच्यात येते. म्हणजे आमच्या नुकसानीचं बाळंतपण धुऱ्यावर होतं! एका पानामागे अळी सापडली. दोन्ही बाजूंना डोळ्यांसारखे ठिपके. काडीनं डिवचली तर डोकं आत घेऊन कमान केली, आणि खोटे डोळे माझ्याकडे बघू लागले. गडी कोयता टाकून बघत उभा राहिला.

"भाऊ, हे तं सापावानी पायते."

हे वाक्य लेखात टाकायचं ठरवलं. मग तो घराजवळच्या निंबाकडे वळला. त्यावर मनगटाएवढी जाड गुळवेल चढलेली आहे. माय ओसरीवरूनच ओरडली.

"त्या निंबाले हात लावू नको. कोरोनात हिचाच काढा पेला नं तू?"

पेलो होतो. वेल राहिली.

11:00

व्यापारी बगीचा पाहून गेला. गळीकडे बोट दाखवून भाव पाडायचा, हे ठरलेलंच. त्यावर जास्त लिहीत नाही, जेवण गोड लागणार नाही.

1:30

जेवण झाल्यावर कापाकापी. विदर्भातलं निसर्गलेखन म्हटलं की मारुती चितमपल्ली. मूळचे सोलापूरचे, पण वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट त्यांनी मराठी वाचकाच्या घरात आणून ठेवलं. 18 जून 2025ला ते गेले. त्यांची पुस्तकं वाचूनच मी लिहू लागलो, आणि त्यामुळेच माझा पहिला खर्डा फसला होता. त्यात महेंद्रीचं जंगल होतं, वाघाचे पगमार्क होते, चांदणं होतं. त्या जंगलात मी उभ्या आयुष्यात चार वेळा गेलोय. पतंगाबरोबर मात्र वीस वर्षं जागलोय.

दुर्गाबाई भागवतांचं 1956चं 'ऋतुचक्र' महिन्यामहिन्यानं पुढे सरकतं. माझं वर्ष बहारांचं: आंबिया, मृग, आणि मधला ताण. लेखाला हाच सांगाडा दिला. सातपुडा गेला, धुकं गेलं, 'निसर्गाच्या कुशीत' तर लाज वाटून खोडलं. 1290.

4:15

वरूडला. फवारणीचं नोझल आणि आमिषासाठी गूळ घ्यायचा होता. कागदावरचा लेख मुलीनं कॉलेजातून येताना मोबाइलवर उतरवला. स्पर्धेला युनिकोडच लागतं, मागच्या वेळी जुन्या फॉन्टमध्ये पाठवलेला लेख तिकडे नुसते चौकोन होऊन उघडला होता. बसस्टँडवर चहा पिता पिता तिनं वाचला.

"बाबा, हा निसर्गाचा लेख हाय का कृषी केंद्राचा कागद?"

मालेथिऑनच्या मात्रेचा अख्खा परिच्छेद होता. तो काढला. 1214.

6:45

अंधार पडताच धुऱ्यावर धूर. वाळका काडीकचरा, त्यावर ओला पाला, म्हणजे जाळ न होता धूर निघतो. फळाचा वास धुरात हरवला की पतंग भांबावतो, असं आमचे जुने लोक सांगतात, आणि शिफारशीतही धूर आहेच. सात ठिकाणी ढीग पेटवले. डोळे चुरचुरत होते. टिटवी ओरडत गेली.

मग टॉर्च घेऊन झाडाझाडाशी. फळावर बसलेला पतंग आधी दिसतच नाही, पुढचे पंख सुकल्या पानासारखे. दिसतात ते डोळे. उजेडात निखाऱ्यासारखे तांबडे. मी लेखात 'हिरवट' लिहिलं होतं! वीस वर्षं बघितलेली गोष्ट घरात बसून चुकीची लिहिली. एकाला बोट लावलं तर तो उडाला, आणि मागचे पंख क्षणभर उघडले: गडद नारिंगी, काळ्या पट्ट्याचे. ज्याला खातो त्याच्याच रंगाचे. हे मात्र लेखात बरोबर होतं.

10:40

घरी सगळे झोपले. 'हिरवट' खोडून 'तांबडे' केलं. गड्याचं सापाचं वाक्य वऱ्हाडीतच ठेवायचं की प्रमाण करायचं, यात अर्धा तास गेला. तसंच ठेवलं, परीक्षक पुण्याचे असोत की कुठले. निंबावरच्या गुळवेलीचा प्रसंग घालायचा तर आणखी साठ शब्द हवे होते. व्यापाऱ्याचा परिच्छेद पूर्ण काढला आणि मायला जागा दिली. 1196. लेखावर नाव घालायचं नव्हतं, ते वेगळ्या पानावर.

11:48

खोलीत रेंज नाही. गच्चीवर, टाकीपाशी उभं राहून पाठवला. गोल चकरी बराच वेळ फिरत राहिली, मग 'पाठवले' आलं. वरून बगीच्याकडे पाहिलं तर चौथ्या ढिगाचा जाळ झाला होता. खाली उतरलो, त्यावर ओला पाला टाकला आणि पाणी मारून आलो.